मिरज : दवाखान्यांनी घडवलेले गाव

"डॉक्टर, मिरजेला नेऊन दाखवू का?" उल्हासनगर, अंबरनाथ, बदलापुरात राहणारे मूळचे सांगली-कोल्हापूरकडचे रुग्ण मला हे हमखास विचारतात. हा विश्वास शंभर वर्षांहून जुना आहे.

मिशनचे डॉ. विल्यम वॉन्लेस १८८९ मध्ये भारतात आले. १८९४ मध्ये त्यांनी मिरजेत रुग्णालय उघडले. मिरज रेल्वेचे जंक्शन, त्यामुळे कर्नाटकातूनही रुग्ण येऊ लागले. परिचारिकांचे शिक्षण तेथेच सुरू झाले. १९६२ मध्ये सरकारी वैद्यकीय महाविद्यालय निघाले. शिकलेल्यांपैकी अनेकांनी तेथेच दवाखाने थाटले आणि गावाची ओळखच बदलली.

जवळच्या वॉन्लेसवाडीला १९२० मध्ये क्षयरोग्यांसाठी आरोग्यधाम झाले. तेव्हा क्षयावर औषध नव्हते. मोकळी हवा, विश्रांती आणि सकस आहार, एवढाच उपाय.

आज क्षयासाठी गाव सोडावे लागत नाही. दोन आठवड्यांहून अधिक खोकला, संध्याकाळचा ताप किंवा वजन घटणे यांपैकी काही असेल, तर जवळच्या सरकारी रुग्णालयात थुंकी तपासून घ्यावी. तपासणी व औषधे मोफत मिळतात. साधा क्षय बहुधा सहा महिन्यांच्या उपचाराने बरा होतो. मात्र वाचकहो, बरे वाटले म्हणून गोळ्या मध्येच सोडू नका. उरलेले जंतू मग त्या औषधाला दाद देत नाहीत.