अभ्यासपाठ : तीन वह्या, एक लेकरू



वाचन : प्रेषितांची कृत्ये, अध्याय 6, वचने 1 ते 7.

हेदवी परिसरातील एका कातकरी वाडीवर मी जाते. गेल्या वर्षी दिवाळीनंतर तिथले एक कुटुंब वीटभट्टीवर गेले. जाण्यापूर्वी मी त्यांच्या दीड वर्षाच्या मुलाचा दंड मोजला होता : 12 सेंटिमीटर. अंगणवाडीच्या वहीत त्याच्या नावापुढे ‘स्थलांतरित’ एवढीच नोंद झाली. आशाताईंच्या वहीत त्याचे वारंवारचे जुलाब होते. तिन्ही नोंदी खऱ्या होत्या, पण त्या शेजारी शेजारी कोणी ठेवल्या नाहीत. मीही नाही. पावसाच्या तोंडावर कुटुंब परतले, तेव्हा दंड 11.2 भरला. आजी म्हणाली, “ताई, पोर रडत नाय, म्हणून वाटला बरा हाय.” फार अशक्त झालेले मूल रडतही नाही, हे तिला कोणी सांगितलेच नव्हते.

मोजमाप सोपे आहे. 6 ते 59 महिन्यांच्या मुलाचा दंड 11.5 सेंटिमीटरपेक्षा कमी असेल तर तीव्र कुपोषण, म्हणजे लाल पट्टी. 11.5 ते 12.5 च्या आत मध्यम, म्हणजे पिवळी. दोन्ही पावलांवर कुपोषणाची सूज असेल, तर दंड कितीही भरो, ते मूल तीव्र कुपोषितच. लाल पट्टीतल्या मुलाला ताप असेल किंवा ते खातच नसेल, तर त्याला दवाखान्यातच न्यावे लागते.

2004 साली सोमालियात अन्नटंचाईचे पाच टप्पे ठरवणारी एक पद्धत सुरू झाली. आज ती अनेक देशांत वापरतात. तिचा गाभा असा : सरकार, संयुक्त राष्ट्रांच्या संस्था व सेवाभावी संस्था आपापली माहिती घेऊन एकत्र बसतात आणि एकमताने टप्पा ठरवतात. प्रत्येकाने वेगळा आकडा सांगितला, तर मदत नेमकी कुठे पाठवायची हेच कळत नाही.

यरुशलेमेतल्या मंडळीतही हेच घडले. रोजच्या वाटणीत ग्रीक भाषा बोलणाऱ्या विधवा वगळल्या जात होत्या. अन्न होते, प्रीतीही होती; व्यवस्था नव्हती. प्रेषितांनी तक्रार दडपली नाही. सर्वांना बोलावले आणि सात जण नेमले. त्या सातांची नावे ग्रीक आहेत, हे लक्षात घ्या. ज्यांची माणसे वगळली गेली, त्यांच्याच भाषेच्या लोकांवर मंडळीने विश्वास टाकला.

त्या मुलावर उपचार झाले. आज त्याचा दंड 12.1 आहे, म्हणजे अजून पिवळाच. आता महिन्यातून एकदा अंगणवाडी सेविका, आशाताई आणि मी वाडीवरच एकत्र बसतो. वाडीतली एक मावशीही असते. कोण कुठल्या भट्टीवर गेले, ते तिलाच ठाऊक असते.

विचारासाठी :
1. आपल्या मंडळीच्या मदतीतून कोण वगळले जाते?
2. त्यांच्यातले कोणी आपल्या बैठकीत बसते का?

प्रार्थना : येत्या दिवाळीनंतर भट्टीवर जाणाऱ्या लेकरांसाठी, आणि त्यांची नोंद पुढच्या गावी पोहोचवणाऱ्या हातांसाठी.