सूट उसना चालेल, बूट नको!

शीर्षक वाचून हसू आलं असेल. इंजिनिअरिंग कॉलेजच्या अंकात बुटांवर लेख? पण गेल्या जुलैत जे माझ्यावर गुदरलं ते तुमच्यावर गुदरू नये, म्हणून हा खटाटोप.

कॅम्पसला एक कंपनी आली होती (नाव नको). अ‍ॅप्टिट्यूड झाली, ग्रुप डिस्कशन झालं, दुपारी पर्सनल इंटरव्ह्यू. सूट मामाचा, बूटही मामाचेच. त्याने लग्नात एकदाच घातलेले, नंतर सहा वर्षं खोक्यात. दिसायला अगदी कोरे करकरीत! जिना चढताना डाव्या पायाखाली काहीतरी चुरचुरलं. पाहतो तर सोलचा काळा भुगा पायऱ्यांवर सांडत होता, पाव कुस्करावा तसा. टाच तर जिन्यातच राहिली. शेवटी रूम पार्टनर होस्टेलवरून पळत त्याचे बूट घेऊन आला. त्याचा नंबर ७, माझा ८. बोटं दुमडून मी वीस मिनिटं आत बसलो. ऑटो सायकलची एफिशिअन्सी विचारली, ती नीट सांगता आली नाही. दोष बुटाचा की माझा, यावर मेसमध्ये अजून वाद चालतो. असो.

आता त्या सोलचं काय झालं ते सांगतो, कारण हा चक्क आपल्या अभ्यासाचा विषय आहे. हलक्या, फोमसारख्या सोलमध्ये बऱ्याचदा पॉलियुरेथेन असतं. त्यातल्या पॉलिएस्टर जातीच्या पॉलिमरमधले एस्टर बंध हवेतल्या दमटपणाने हळूहळू तुटतात. याला हायड्रॉलिसिस म्हणतात. बूट घाला किंवा न घाला, ही क्रिया चालूच राहते, आणि उकाडा व दमट हवा असेल तर वेग वाढतो. म्हणजे ‘जपून ठेवलेला’ बूट नवा राहतो हा भ्रम आहे. कोणाचे जुने बूट घ्यायची वेळ आलीच, तर आदल्या आठवड्यात सोल दोन्ही हातांनी चांगला वाकवून बघा, नख रुतवून बघा. भेगा पडल्या किंवा चिकट लागला तर सरळ परत द्या. रबराचा सोल याबाबतीत पुष्कळ बरा.

आता खरेदीकडे वळू. सुटावर घालायच्या बुटांचे मुख्य प्रकार दोन: ऑक्सफर्ड आणि डर्बी. दुकानदार दोघांनाही ‘फॉर्मल’ म्हणतो, म्हणून ओळखायचं आपणच. लेस ओवायच्या दोन्ही पट्ट्या खाली बघा. त्या पुढच्या भागाच्या आत शिवलेल्या असतील आणि लेस बांधल्यावर एकमेकींना भिडत असतील, तर ऑक्सफर्ड. पट्ट्या वरून शिवलेल्या असतील आणि खालच्या टोकाला मोकळ्या उघडत असतील, तर डर्बी. ऑक्सफर्ड जास्त औपचारिक, डर्बी किंचित कमी. पण पावलाची पाठ उंच असेल तर ऑक्सफर्डच्या पट्ट्या मिटतच नाहीत, मध्ये इंग्रजी व्ही अक्षर उघडं राहतं आणि ते वाईट दिसतं. अशांनी बिनदिक्कत डर्बी घ्यावा. इंटरव्ह्यूत कोणी पट्ट्या तपासत नाही! नक्षीदार छिद्रांचे ब्रोग आणि बिनलेसचे लोफर छान असतात, पण पहिला आणि एकुलता एक जोड घेताय तर ते नकोत. आणि ती लांबलचक टोकदार चोच असलेले बूट... कृपा करा.

नंबर हा खरा घोळ. आपल्याकडचा नंबर ब्रिटिश पद्धतीचा. त्यात एक नंबर म्हणजे इंचाचा तिसरा भाग, साधारण ८.५ मिमी. माझी बोटं का दुमडली हे आता कळलं असेल! हे माप बूट ज्या साच्यावर बनतो त्याच्या लांबीचं, आणि साचे प्रत्येक कंपनीचे वेगळे. म्हणून ‘मला ८ लागतो’ एवढ्यावर ऑनलाइन मागवू नका. भिंतीला टाच टेकवून कागदावर उभे राहा, पेन्सिल सरळ धरून सर्वात लांब बोटाशी खूण करा, आणि दोन्ही पाय मोजा. एक पाय बहुतेक मोठा निघतो, बूट त्याच्या मापाचा घ्या. खरेदीला संध्याकाळी जा, कारण दिवसभरात पाय थोडे सुजतात.

रुंदीचं काय? चेन्नईच्या केंद्रीय चर्म संशोधन संस्थेने २०२१-२२ मध्ये देशभर एक लाखाहून जास्त लोकांची पावलं मोजली. आपली पावलं युरोप-अमेरिकेतल्यांपेक्षा रुंद असतात, असं त्यात निघालं. त्यावरून ‘भा’ नावाची भारतीय मापपद्धतीही सुचवली गेली. चपलेत वाढलेला आपला पंजा अरुंद बुटात कोंबला की करंगळी बोंबलते, आणि आपण मोठा नंबर घेतो. मग टाच मागे लपकलपक करते. उपाय एकच: दुसरा साचा, म्हणजे दुसरं मॉडेल शोधा. दुकानात दहा मिनिटं चाला. पुढे अंगठाभर नाही तरी अर्ध्या अंगठ्याएवढी जागा हवी, टाच उचलू नये. ‘नंतर सैल होतो’ हे वाक्य ऐकलं की उठावं. लेदर रुंदीत थोडं सैलावतं, लांबीत नाही.

लेदरबद्दल थोडक्यात. बूट हलकेच वाकवा. खऱ्या चामड्यावर बारीक, वेड्यावाकड्या सुरकुत्या उठतात, प्लास्टिकच्या थरावर एकच ठळक घडी. बजेट कमी असेल तर सिंथेटिक घेण्यात कमीपणा नाही, फक्त तो घडीवर तडकतो हे माहीत असू द्या. सोल चिकटवलेला की शिवलेला हेही बघा. ‘गुडइयर वेल्ट’ या शिवणीचा सोल पुन्हा बदलता येतो, पण तो जोड महाग. (हे नाव व्हल्कनायझेशनवाल्या चार्ल्स गुडइयरच्या मुलावरून पडलं. पॉलिमरवाल्यांनो, तोंडी परीक्षेत टाका!) आपल्याला चिकटवलेला रबरी सोल पुरे. चामड्याचा सोल पावसात घसरतो, आणि आपल्याकडे कंपन्या येतात नेमक्या जुलै-ऑगस्टात.

रंग? काळा घ्या, विषय संपला. काळ्या, करड्या, गडद निळ्या सुटावर तो चालतो. गडद निळ्यावर चॉकलेटी जास्त शोभतो हे मान्य, पण मग पट्टाही चॉकलेटी हवा, म्हणजे खर्च दुप्पट. मोजे पँटच्या रंगाचे आणि पोटरीपर्यंत. बसल्यावर मध्ये केसाळ पाय दिसला की सुटाचा सगळा रुबाब गेला. खेळाचे पांढरे मोजे कपाटातच बरे.

नवे बूट थेट इंटरव्ह्यूला घालू नका, चावतात. आठवडाभर रात्री कॉरिडॉरमध्ये तासभर घाला, पोरं हसतील, हसू द्या. भिजले तर आत वर्तमानपत्राचे बोळे भरून पंख्याखाली ठेवा, हीटरजवळ कधीच नाही. प्लास्टिकच्या पिशवीत बांधलेत तर पावसाळ्यात बुरशीचा कारखाना निघेल. पॉलिश आधी धूळ झटकून, अगदी पातळ लावा, दहा मिनिटं थांबा, मग ब्रश मारा. आपण डबीच्या डबी थापतो आणि चमक येत नाही म्हणून कंपनीला शिव्या घालतो.

सप्टेंबरमध्ये दुसरी कंपनी आली तेव्हा माझ्या पायात स्वतःचे काळे डर्बी होते. त्या वेळी ऑटो सायकल विचारली नाही, डिझेल विचारली! ब्रश आणि पॉलिश माझ्या रूमवर आहे, कधीही न्या. बूट मात्र मागायला येऊ नका.

— अंतिम वर्ष, यंत्र अभियांत्रिकी