गृहस्थाची एक घटिका

‘प्रपंचातून सवड मिळत नाही, ध्यानास बसावे केव्हा?’ असे अनेक सज्जन विचारतात, आणि निवृत्तीनंतर पाहू म्हणून साधन पुढे ढकलतात. परंतु गीता सांगितली गेली ती दोन सैन्यांच्या मध्ये, शंख वाजून गेल्यावर. आठव्या अध्यायात भगवंत स्मरण आणि युद्ध ही दोन्ही एकाच वेळी करावयास सांगतात. युद्ध आटोपल्यावर स्मरण कर, असे म्हणत नाहीत.

तथापि सहावा अध्याय एकांत, शुद्ध जागा व स्थिर आसनही सांगतो. कामात स्मरण टिकावे, यासाठी काही काळ केवळ स्मरणासच द्यावा लागतो. अहोरात्राच्या ६० घटिकांपैकी एक, म्हणजे २४ मिनिटे, सूर्योदयापूर्वी राखून ठेवावी. मोबाईल दुसऱ्या खोलीत असावा. बसताच दुकानाची उधारी आठवेल, मुलीचे लग्न आठवेल. आठवू द्यावे. मन जेथे धावेल तेथून परत आणावे, असे त्याच अध्यायाचा २६ वा श्लोक सांगतो; हे परत आणणे हाच अभ्यास होय. शंभर वेळा आणावे लागले, तरी ती घटिका वाया गेली असे समजू नये.

एक गोष्ट मात्र आपल्या उपदेशांत बहुधा राहून जाते. गृहस्थ देवघरात बसला असता चूल, मुले, वृद्धांचे औषधपाणी कोण पाहते? गृहिणीच्या श्रमांवर उभारलेला एकांत अपुरा होय. पतीने उठून तितकीच घटिका तिला द्यावी. तेवढ्या वेळात चहा त्याने ठेवावा, मुलांचे डबे त्याने भरावेत.