अँड्रॉइड एसडीके बसवताना

अँड्रॉइडचा एसडीके म्हणजे एकसंध प्रोग्राम नव्हे. एकाच फोल्डरात नांदणारी, वेगवेगळ्या आवृत्त्यांची ती अवजारे आहेत. फोनशी बोलणारा एडीबी प्लॅटफॉर्म-टूल्समध्ये असतो, एपीके बांधण्याची आणि त्यावर सही करण्याची साधने बिल्ड-टूल्समध्ये. अँड्रॉइड स्टुडिओ हे सारे स्वतःच उतरवून घेतो, पण विंडोजवर ठेवतो ॲपडेटा या एरवी न दिसणाऱ्या फोल्डरात. म्हणून जागा आधीच ठरवलेली बरी: पाथ छोटा, इंग्रजी अक्षरांतला आणि मध्ये स्पेस नसलेला. विंडोजच्या खात्याला कोणी हौसेने देवनागरी नाव दिलेले असले, तर त्याखालच्या प्रत्येक पाथमध्ये ते येते, आणि प्रोजेक्टच्या पाथमध्ये अशी अक्षरे दिसली की बिल्ड तिथेच थांबतो. ही तपासणी बंद करता येते. तरी फोल्डर हलवणेच शहाणपणाचे.

स्टुडिओ टाळून नुसती कमांड लाइनची साधने घेतली, तर पहिली ठेच ठरलेली. झिप उघडल्यावर मिळणारे सीएमडीलाइन-टूल्सचे फोल्डर तसेच एसडीकेत टाकले, की एसडीके मॅनेजर मूळ फोल्डर सापडत नाही म्हणून अडून बसतो. सीएमडीलाइन-टूल्सच्या आत लेटेस्ट नावाचे फोल्डर करून बिन, लिब वगैरे त्यात सरकवले की तक्रार मिटते. मग परवाने मान्य करायचे. त्यावाचून ग्रेडल राहिलेले भाग उतरवत नाही.

सर्वांत जास्त वेळ खाते ती जावा. अँड्रॉइड ग्रेडल प्लगइनच्या ८.० आवृत्तीला जेडीके १७ लागते. स्टुडिओ स्वतःची जेडीके सोबत आणतो, टर्मिनल मात्र जावा होम या व्हेरिएबलकडे पाहते. त्यामुळे तोच प्रोजेक्ट स्टुडिओत बिल्ड होतो आणि टर्मिनलमध्ये पडतो. नवखा माणूस इथे वैतागून सगळे काढतो, पुन्हा बसवतो. दिवस जातो, व्हेरिएबल जुन्याच जेडीकेवर राहते. ग्रेडल रॅपरला आवृत्ती विचारली, तर कोणती जावा चालू आहे हेही तो सांगतो. व्हेरिएबल बदलल्यावर टर्मिनल बंद करून नवे उघडावे, उघड्या खिडकीला बदल कळत नाही.

एसडीकेचा पाथ लोकल डॉट प्रॉपर्टीज या फाइलमध्ये असतो. ती त्या यंत्रापुरतीच असते, गिटमध्ये जाऊ देऊ नये. नाहीतर सहकाऱ्याचा बिल्ड दुसऱ्याच्या घरचा पाथ शोधत बसतो.

एम्युलेटर संथ चालत असेल, तर आधी बायोसमध्ये व्हर्च्युअलायझेशन चालू आहे का ते पाहावे. ॲपला आपल्याच यंत्रावरचा सर्व्हर हवा असल्यास लोकलहोस्ट चालत नाही, कारण एम्युलेटरच्या लेखी लोकलहोस्ट म्हणजे तो स्वतः, पत्ता १०.०.२.२ द्यावा लागतो. ॲपचे लक्ष्य अँड्रॉइड ९ किंवा त्यापुढचे असेल, तर साधे एचटीटीपी मुळातच बंद असते, डीबग बिल्डपुरती सूट द्यावी. खऱ्या फोनवर बिल्ड नंबर ७ वेळा टॅप करून डेव्हलपर ऑप्शन्स उघडतात. तिथे यूएसबी डीबगिंग चालू करावे. एडीबीने फोन 'अनऑथोराइज्ड' दाखवला, तर केबल बदलण्याआधी फोनच्या पडद्यावर परवानगीची खिडकी थांबली आहे का ते बघावे.