औषधपत्रातील संदिग्ध नाम व मात्रा : पडताळणीची आवश्यकता

तमकश्वासाच्या एका रुग्णास मी श्वासकुठार रस ‘१ गु.’, दिवसातून दोन वेळा, मधातून असे लिहून दिले. मला अभिप्रेत होती एक गुंज, म्हणजे १२५ मिलिग्रॅम. नांदेडचा हा कागद नातेवाइकांनी मोबाइलवर छायाचित्र काढून लातूरच्या एका औषधालयास पाठविला. तेथे नोंद झाली ‘१ ग्रॅ.’, म्हणजे आठपट. पुड्या बांधण्यापूर्वी चालकांनी दूरध्वनी केला, म्हणून अनर्थ टळला. या कल्पात वत्सनाभ व मनःशिला आहेत, हे वाचकांस सांगणे न लगे. दोष वाचणाऱ्याचा नव्हे, लिहिणाऱ्याचा, म्हणजे माझा होता.

संदिग्धतेची प्रमुख स्थाने चार आहेत.

१) संक्षेप : ‘गु.’ म्हणजे गुंज, गुटी की गुग्गुळ? प्रचलित मानाप्रमाणे ८ गुंजांचा १ मासा (१ ग्रॅम) व १२ माशांचा १ तोळा (१२ ग्रॅम) होतो. परंतु शार्ङ्गधरोक्त मागध मानात मासा ६ गुंजांचा आहे. म्हणून मात्रा मिलिग्रॅममध्येच लिहावी.

२) अंक : मराठी १ हा इंग्रजी नऊसारखा, तर मराठी ७ इंग्रजी सहासारखा वाचला जातो. अंकासोबत अक्षरी मात्रा द्यावी.

३) नामसादृश्य : योगराज व महायोगराज गुग्गुळ, लघुमालिनी व सुवर्णमालिनी वसंत, चंद्रप्रभा वटी व चंद्रकला रस. महायोगराजात भस्मे आहेत, योगराजात नाहीत. एक ‘महा’ गळाला की औषधच बदलते.

४) प्रादेशिक नामे : १९४८ पर्यंत मराठवाडा हैदराबाद संस्थानात होता, त्यामुळे अश्वगंधेस ‘असगंध’ म्हणणारे येथे आजही भेटतात. तेलंगणाकडील रुग्ण गुळवेलीस ‘तिप्पतीगा’, तर बिदरकडील ‘अमृतबळ्ळी’ म्हणतो. ‘ब्राह्मी’ या नावाने तर मंडूकपर्णीही मिळते.

अशा वेळी औषधालयाने पुढील क्रम पाळावा. संदिग्ध शब्द अंदाजाने पूर्ण करू नये. संगणकावर नोंद करताना ती जागा रिकामी ठेवून खूण करावी. यंत्राने सुचविलेले पहिले नाव स्वीकारू नये. व्याधी, वय व अनुपान यांच्याशी मात्रा जुळते का, हे पाहावे. नंतर वैद्यांस दूरध्वनी करून पूर्ण नाव, मात्रा व काल वाचून दाखवावा, त्यांच्याकडून पुन्हा वदवून घ्यावा आणि दिनांक व वेळेसह नोंदवावा. ‘हे अमुकच ना?’ असे विचारू नये; घाईत ‘हो’ येते. ‘आपण काय लिहिले आहे?’ असे विचारावे.

औषधे व सौंदर्यप्रसाधने नियम, १९४५ मधील अनुसूची ई(१) मध्ये वत्सनाभ, कुपीलु, भल्लातक, धत्तूर आदी द्रव्ये आहेत. ती असलेल्या कल्पाबाबत वैद्यांशी संपर्क न झाल्यास औषध देणे थांबवावे. रुग्णाचा रोष पत्करावा. चूक पत्करू नये.

आणि वैद्यबंधूंनी अशा दूरध्वनीस अधिक्षेप मानू नये. त्या एका दूरध्वनीनंतर मी ‘गु.’ लिहिणे कायमचे सोडले आहे.