हवेतील कण, ऊन आणि उसाचे पाचट

कोल्हापूर भागात ऊसतोड सुरू झाली, की गुऱ्हाळाच्या चुलवाणाचा व पेटविलेल्या पाचटाचा धूर सर्वत्र दिसतो. हा धूर लागलीच विरून जातो, हा समज खरा नव्हे. त्यातील सूक्ष्म कण कित्येक दिवस हवेत तरंगतात व वाऱ्याबरोबर दूरवर जातात.

सर्व कणांचे गुण मात्र सारखे नसतात. काजळी ऊन शोषून घेते. त्यामुळे वरची हवा तापते आणि जमिनीवर ऊन कमी पोहोचते. गंधकयुक्त कण उलट ऊन परतवितात. १९९१ साली फिलिपीन्समधील पिनाटुबो ज्वालामुखीने गंधकाचा वायू फार उंच फेकला. त्यापासून बनलेल्या कणांमुळे पुढील वर्षी पृथ्वीचे सरासरी तापमान सुमारे अर्धा अंश सेल्सिअसने उतरले. समुद्रावरून येणाऱ्या मिठाच्या कणांभोवती तर ढगांचे थेंब जमतात. म्हणजे हवेतील प्रत्येक कण वाईटच, असे मानू नये.

ज्वालामुखी आवरता येत नाही, पाचटाची आग आवरता येते. पाचट जाळल्यास त्यातील बहुतेक नत्र हवेत जाते. याकरिता खोडव्यात बुडख्यांवरील पाचट सरीत सारावे, त्यावर हेक्टरी ८० किलो युरिया, १०० किलो सुपर फॉस्फेट व १० किलो पाचट कुजविणारे जिवाणू टाकून पाणी द्यावे. ओल टिकते व तणही कमी उगवते.