‘या’ म्हणायचं नाही

पोरी, सोमवारपासून गल्ल्यावर तू बसणार, म्हणून आज बोलावून घेतलं. हिशेब तुझ्या बापानं दाखवलाय, मोबाईलवर पैसे घ्यायला तर तूच आम्हाला शिकवलंस. राहिलं ते दुकानातलं बोलणं. ते कुठं लिहून ठेवलेलं नाही. माझ्या वडिलांनी मला सांगितलं, तेच तुला सांगतो. त्यातलं काही आता चालत नाही, तेही सांगतो.

ह्या दुकानात कुणाला ‘या’ म्हणायचं नाही. ‘बसा’ नाही, ‘काय दाखवू’ नाही, आणि निघताना ‘परत या’ तर नाहीच. सगळ्या कोल्हापुरात माणूस उठताना ‘येतो’ म्हणतो, आपल्या उंबऱ्यावरनं मात्र काही न बोलता जातो. त्याला तसंच जाऊ द्यायचं. सुटे पैसे तो वळायच्या आत हातात ठेवायचे, मागनं हाक मारायची नाही. कुणी आलं की वडील नुसते उठून उभे राहायचे. तू पण उभी राहा, तेवढं पुरतं.

कोण गेलं, कशानं गेलं, वय किती, हे विचारायचं नाही. सांगायचं असलं तर तो आपणहून सांगतो. आपल्या कामाचं तेवढंच विचारायचं: उंची किती, कितव्या मजल्यावर, कुठं न्यायचं, आणि झोपवून नेणार का बसवून. हा शेवटचा प्रश्न मी एकदा विसरलो होतो. लिंगायत घर होतं. त्यांच्यात मांडी घालून बसवतात, हातात इष्टलिंग देतात, आणि तसंच रुद्रभूमीत पुरतात. पोरगा सकाळी विभूती आणि कापड घेऊन गेला, मी गप्प राहिलो. घरचं जाणतं माणूस गावाहून दुपारी पोचलं, तोवर अंग ताठलेलं. मेल्यावर दोन-चार तासांत सांधे आवळायला लागतात, बारा तासांत लाकूड होतं. पाय मुडपताना जे झालं ते त्या पोराच्या डोळ्यांसमोर झालं. तेव्हापासून सामान काढायच्या आधी मी सांगतो: बसवणार असाल तर आधी घरी फोन लावा, आत्ताच मांडी घालून भिंतीला टेकवा. झोपवून नेणार असतील तर डोळे मिटवा, हनुवटी कापडानं बांधा, हातपाय सरळ करा, पायाचे अंगठे बांधा. सामान पाच मिनिटं उशिरा गेलं तरी चालतं, हे चालत नाही.

त्याच फोनवर आणखी एक विचारायचं, नेत्रदान करायचंय का. सहा तासांच्या आत डोळे काढावे लागतात. पंखा बंद, पापण्या मिटलेल्या, वर ओला कापूस, डोक्याखाली उशी. चष्मा होता, मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं होतं, साखर होती, तरी चालतं. लोकांना वाटतं चालत नाही. एकदाच विचारायचं. नाही म्हणाले की विषय संपला. आणि छातीत पेसमेकर असला तर डॉक्टरकडनं काढून घ्या म्हणावं, आगीत तो फुटतो.

मजला का विचारायचा, तर तिरडी लिफ्टमध्ये मावत नाही आणि जिन्याच्या वळणावर अडकते. माझ्या वडिलांच्या वेळी सगळी घरं बैठी, अंगणात तिरडी बांधायची आणि उचलायची. आता सांगायचं, खाली पार्किंगमध्ये बांधा, वरनं चादरीत नाहीतर खुर्चीवर बसवून आणा. शववाहिका सांगितली असेल तर तिची लांबीही विचारून घ्यायची.

आपण मुळात हे दुकान काढलंच नव्हतं. आपण बुरूड. वडील सुपं, टोपल्या, कणगी विणायचे, बाजाराच्या दिवशी मांडायचे. कुणाच्या घरी मयत झालं की रात्री-अपरात्री दोन बांबू मागायला माणूस यायचा, तो पैसे द्यायला लागला तरी वडील घ्यायचे नाहीत. पुढं प्लास्टिकचं सूप आलं, प्लास्टिकची पाटी आली, धान्य पत्र्याच्या कोठीत गेलं. विणायचं काम दर वर्षी कमी होत गेलं, दोन बांबू मागणारे मात्र तेवढेच राहिले. मग कुंभाराकडची चार मडकी दाराशी ठेवली, मग कोरं कापड, सुतळी, कापूर, तूप, गुलाल, बुक्का. असं होत होत एके दिवशी बघतोय तर टोपल्या पाठीमागं आणि मयताचं सामान पुढं. पाटी लावायची का, यावर घरात दोन महिने भांडण चाललं होतं. आई म्हणाली, पाटी लावलीत तर पोरींना स्थळं येणार नाहीत. स्थळं आली, पण पाटी आजही लहानच आहे.

बांबू सिंधुदुर्गातला माणगा घ्यायचा. आतनं भरीव, ओझ्यानं चिरत नाही. दोन्ही दांडे एका जाडीचे निवडायचे, नाहीतर एका बाजूचा खांदेकरी वाकतो. बांधायला सुतळीच, नायलॉनची गाठ सरकते. आणि स्मशानातनं परत आलेला बांबू कुणी स्वस्तात आणून देतो म्हणाला तर त्याला दारातनंच वाटेला लावायचं.

ह्याच बांबूची गुढी होते, ह्याच कामट्यांचा आकाशकंदील होतो. पण गुढीची काठी आपल्या दुकानातनं कोण नेईल? म्हणून पाडव्याच्या आधी धाकट्या काकाच्या दुकानात गाडी उतरते, इथं नाही. माल एकाच ट्रकमधला असतो बरं का. हे गिऱ्हाइकाला सांगायचं नाही आणि हसायचंही नाही.

पैशाचं ऐक. इथं कुणी घासाघीस करत नाही, त्यानं चोरी फार सोपी होते. म्हणून भाव आपणच आपल्याला लावून घ्यायचा, भिंतीवर लिहून ठेवायचा. जास्तीचं काही गळ्यात मारायचं नाही, कारण मयताचं उरलेलं सामान कुणी घरी परत नेत नाही, ते तिथंच टाकून येतात. शेणी तर विकायच्याच नाहीत. शहरातला माणूस असेल तर सांगायचं, पंचगंगेवर महापालिका शेणी-लाकूड फुकट देते. होळीच्या दिवसांत मंडळं शेणी जमवून तिथं दान करतात. हे कोल्हापूरचं मोठेपण. त्यावर आपण दुकान चालवायचं नाही. उधारी मागितली तर द्यायची, नाव लिहायचं नाही. दिवस झाल्यावर माणूस येऊन देतो. नाही आला तर नाही आला.

मडकं पारखायची रीत इथं उलटी. पाण्याचं मडकं खणखणीत हवं, आपलं मात्र पातळ. तीन फेऱ्यांना तीन भोकं पाडून खांद्यावरनं मागं टाकल्यावर ते एका फटक्यात फुटलं पाहिजे. एकदा एका घरचं मडकं गडगडत गेलं आणि फुटलं नाही. सगळे त्या मडक्याकडंच बघत राहिले. शेवटी एका म्हाताऱ्यानं लाथ मारली. दुसऱ्या दिवशी तो म्हातारा मला शोधत आला होता.

बाई गेली असेल तर आमच्या वेळी पहिला प्रश्न ‘सवाष्ण का?’ असायचा. सवाष्ण असली की हिरवी साडी, हिरव्या बांगड्या, ओटी. नसली की पांढरं. हे विचारताना समोरच्या लेकीचा चेहरा कसा व्हायचा ते मी बघितलंय, तरी विचारत राहिलो. मग 2022 च्या मे महिन्यात शिरोळ तालुक्यातल्या हेरवाडनं ग्रामसभेत ठराव केला, नवरा गेल्यावर बाईचं कुंकू पुसायचं नाही, बांगड्या फोडायच्या नाहीत. सरकारनंही तो सगळ्या गावांपुढं ठेवला. पेपरात वाचलं आणि मला माझीच लाज वाटली. आता एवढंच विचारायचं, ‘साडी कुठल्या रंगाची देऊ?’ हिरवी म्हणाली तर हिरवी.

कागदाचं तू मला शिकवशील, तरी सांगतो. घरी मयत झालं असेल तर आधी डॉक्टरचा दाखला, नमुना 4 अ. तो नसला की स्मशानात खोळंबा होतो. अपघात, विष, गळफास असेल तर पोलीस पंचनामा आणि शवविच्छेदन झाल्याशिवाय तिरडी बांधायला घ्यायची नाही, कितीही मोठ्या माणसानं फोन केला तरी. मृत्यूची नोंद 21 दिवसांत करायची, आणि ती जिथं माणूस गेला तिथं होते, राहत होता तिथं नाही. राधानगरीचा माणूस कोल्हापूरच्या दवाखान्यात गेला तर दाखला कोल्हापूरचाच. नाव आधार कार्डावर आहे तसंच सांगा म्हणावं. एक काना चुकला तर सातबाऱ्यावर वारस लावताना पोरं वर्षभर तलाठ्याकडं खेटे घालतात.

पावसाळ्यात रोज राजाराम बंधाऱ्याची पातळी बघत जा. 39 फुटांवर इशारा, 43 ला धोका. 2019 ला पाणी 55 च्या वर गेलं होतं. पंचगंगेच्या स्मशानात पाणी शिरलं की बावड्याला नाहीतर कदमवाडीला न्यावं लागतं. माणूस सामान घेऊन आधी नदीवर जायचा आणि मग परत फिरायचा, असं होऊ द्यायचं नाही.

कोरोनाचं विचारतेस तर त्या दोन वर्षांत गावात एवढी माणसं गेली आणि आपलं दुकान रिकामं. पिशवीत बांधून, गाडीतनं थेट. ना खांदा, ना तिरडी. माणगा पाठीमागं वाळून तडकला. एक बाई फक्त मडकं मागायला आली होती. नेऊन काय करणार होती कुणास ठाऊक, कुणाला जवळ जाऊ देत नव्हते. मी दिलं. पैसे घेतले नाहीत, वडील दोन बांबूंचे घेत नव्हते तसे.

बाहेरचा दिवा रात्रभर चालू ठेवायचा. किल्ली तुझ्या उशाशी. तुझ्या नवऱ्याला आधीच सांगून ठेव, रात्री दार वाजलं तर तूच उठणार.

आणि उद्या सकाळी आधी कुंभाराकडं जाऊन ये. मृग लागला की त्याची भट्टी थंडावते, मडक्यांना ओल येते. दीडशे सांग. पातळ म्हणून सांग, नाहीतर तो आपला चांगलीच देईल.